कार्बोरेटर बिघडतो तो बसून

एव्हिनरूड लाइटविन हे तीन हॉर्सपॉवरचं, दोन छोट्या सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन १९५२ साली अमेरिकेत बाजारात आलं आणि थोडेफार बदल होत साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बनत राहिलं. त्याचंच जुळं भावंड जॉन्सन या नावाखाली १९५६ पासून ‘जेडब्ल्यू’ मॉडेल म्हणून विकलं जाई. दोन्ही नावं एकाच आउटबोर्ड मरीन कंपनीची, त्यामुळे आतले बहुतेक भागही एकच. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन या राज्यांतल्या तळ्यांवर मासे धरायला जाणाऱ्या माणसांनी ही इंजिनं इतकी घेतली की तळ्याकाठच्या घरांच्या शेडमध्ये ती आजही टांगलेली सापडतात. याला गिअर नाही, न्यूट्रल नाही. दोरी ओढून इंजिन लागलं की होडी निघालीच. मागे यायचं असेल तर अख्खं इंजिन जागेवर फिरवायचं. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या डोक्यावरच असते, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं, पंप लागत नाही. कार्बोरेटर म्हणजे काय आणि तो कसा सांभाळायचा हे शिकायला याच्याइतकं मोकळं, उघडं इंजिन दुसरं नाही असं मला वाटतं.

ही इंजिनं कष्टाने बंद पडत नाहीत. दिवसभर चालवा, ती चालतात. आठ महिने टांगून ठेवा आणि मे महिन्यात बर्फ वितळल्यावर दोरी ओढा, मग ती हटून बसतात. अशा वेळी माणूस पहिलं काम करतो ते म्हणजे समोरच्या, पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या दोन चकत्यांपैकी हाताला येईल ती पिळतो. नेमकं तेच करायचं नसतं. गेल्या सप्टेंबरात ज्या ठेवणीवर इंजिन छान चालत होतं ती ठेवण हिवाळ्यात आपोआप हललेली नसते. बदललेलं असतं ते आतलं पेट्रोल, आणि त्या पेट्रोलने मागे ठेवलेला थर. म्हणून आधी सफाई, मग सेटिंग. हा क्रम उलटा केला की दोन बिघाड एकमेकांत मिसळतात आणि मग कुठला कोणता ते कळेनासं होतं.

थोडं मागे जाऊ. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन धंदा म्हणून रुजवलं ते ओले एव्हिनरूडने. जन्म नॉर्वेचा, १८७७ सालचा. लहानपणीच कुटुंबाबरोबर विस्कॉन्सिनला आला. १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात त्याने विक्रीला आणलेलं इंजिन दीड हॉर्सपॉवरचं होतं, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिरात ही बाजू त्याची बायको बेस सांभाळत असे, आणि धंदा वाढण्यात तिचा वाटा मोठा होता. या नावाची इंजिनं पुढे शंभरावर वर्षं निघाली. २०२० मध्ये उत्पादन थांबलं. जुनी इंजिनं मात्र जिवंत आहेत. ती जपणाऱ्यांचा अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब अमेरिकेत १९६५ पासून आहे.

आता कार्बोरेटरकडे. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा असतो. पिस्टन वर जाताना क्रँककेस हवा ओढतो, गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक नळीतून वर चढतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. वाटीतल्या पेट्रोलची पातळी सतत एकच राहावी म्हणून फ्लोट असतो. घराच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक जे करतो तेच तो करतो: पातळी चढली की फ्लोट वर येतो, सुई बसकीवर दाबली जाते, पेट्रोल थांबतं. पातळी एखाद-दोन मिलिमीटर चुकली तरी मिश्रण चुकतं, कारण नळीतून पेट्रोल किती उंच चढवावं लागेल ते या पातळीवर ठरतं.

लाइटविनच्या समोरच्या बाजूला दोन नीडल असतात. खालची फुल स्पीडसाठी, वरची स्लो स्पीडसाठी. काही उशिराच्या मॉडेलांत फुल स्पीडचा जेट ठरीव मापाचा केला, पण जुन्या मॉडेलांत दोन्ही हाताने फिरवता येतात. नीडल आत घातली की पेट्रोल कमी, बाहेर काढली की जास्त. मेकॅनिकच्या भाषेत आत घातली की मिक्स्चर ‘लीन’ आणि बाहेर काढली की ‘रिच’. फुल थ्रॉटलला खालच्या वाटेचं राज्य असतं. थ्रॉटलची गोल पाकळी जवळजवळ मिटलेली असते तेव्हा मुख्य नळीकडे ओढच उरत नाही. मग पाकळीच्या कडेशी असलेली टाचणीच्या टोकाएवढी भोकं कामाला येतात आणि तिथे वरची नीडल पेट्रोल पुरवते. इंजिन फुलला चालतं पण स्लोला मरतं, ही तक्रार ऐकली की अनुभवी माणसाचं लक्ष या भोकांकडे जातं ते याचसाठी.

कार्बोरेटर खोलण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, करंट. या काळातल्या मॅग्नेटो कॉइलचं आवरण वयाने तडकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या कित्येक इंजिनांचं दुखणं कार्बोरेटरमध्ये नसून या कॉइलमध्ये असतं. ठिणगी मोकळ्या हवेत सहा मिलिमीटरची फट ओलांडून निळी पडली पाहिजे. पिवळट आणि लुळी पडली तर आधी तिकडे पाहा. दुसरी, टाकीतलं पेट्रोल. ते काचेच्या बाटलीत काढा आणि थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, किंवा वास पेट्रोलचा न येता जुन्या वॉर्निशसारखा आला, तर निम्मं निदान झालं. दोरी बरीच ओढूनही प्लग कोरडाच निघतो का, तेही बघावं. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल पोचत नाही, आणि मग पेट्रोलच्या कॉकमधल्या जाळीपासून सुरुवात करायची. आपल्याकडे ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासला आहे, त्यांना हे सगळं नवं वाटायचं कारण नाही.

खोलताना सर्वात आधी दोन्ही नीडल हलक्या बोटांनी आत फिरवत न्या आणि टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. मग त्या बाहेर काढा आणि टोक भिंगाखाली धरा. चांगल्या नीडलचं टोक अखंड, गुळगुळीत निमुळतं असतं. बिघडलेल्या टोकावर सगळीकडून एक बारीक खाच दिसते, नखाने चाचपली तर अडकते. कुणीतरी कधीतरी पेट्रोल बंद करायचं म्हणून ती जोर लावून पिळलेली असते. पितळ मऊ, त्यामुळे नीडल आणि तिची बसकी दोन्ही दबतात. अशी नीडल कितीही फिरवा, एका जागी मिश्रण फार कमी आणि केसभर पुढे फार जास्त, अशी उडीच मारते. मधली योग्य जागा सापडतच नाही. ती बदलावी, घासून नीट करायच्या फंदात पडू नये. नीडलभोवती एक छोटा नट आणि त्याखाली पॅकिंगच्या चकत्या असतात. त्या सुकल्या की हादऱ्याने नीडल आपोआप फिरते आणि तिथून हवाही शिरते. म्हणून पॅकिंग नवं घालावं आणि नट इतकाच आवळावा की नीडल बोटांनी फिरेल पण सैल वाटणार नाही.

वाटी उतरवली की फ्लोट दिसतो, आणि या सगळ्या कामातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग इथे आहे. जुन्या लाइटविनचा फ्लोट बुचाचा असतो. बूच सच्छिद्र, नुसतं ठेवलं तर पेट्रोल पिऊन जड होतं आणि बुडतं. म्हणून कारखान्यात त्याच्यावर शेलॅकचा हात देत. शेलॅक म्हणजे आपली चपडा लाख. पन्नासच्या दशकातल्या पेट्रोलमध्ये ही लाख विरघळत नसे, त्यामुळे फ्लोट वर्षानुवर्षं टिकायचे. आज अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. आता आपला सुतार फ्रेंच पॉलिश कसं करतो ते आठवा: चपडा स्पिरिटमध्ये भिजवतो, आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. सुतार जे मुद्दाम करतो तेच इथेनॉल कार्बोरेटरच्या वाटीत हळूहळू करत राहतं. लाख सुटते, बूच उघडं पडतं, पेट्रोल पितं, फ्लोट खाली बसतो, सुई बंद होत नाही आणि कार्बोरेटर ओव्हर होतो. सुटलेली लाख तेवढ्यावर थांबत नाही. ती पेट्रोलबरोबर बारीक भोकांत जाते आणि इथेनॉल उडून गेलं की तिथेच पुन्हा घट्ट होते. बाहेरून पेट्रोल गळतंय आणि आतून वाटा बुजल्या आहेत, असं विचित्र चित्र दिसतं ते यामुळे.

असा फ्लोट हातात घेतला की कळतो. तपकिरी आवरणाचे पापुद्रे सुटलेले असतात, मधूनमधून बूच काळपट ओलं दिसतं आणि आकाराच्या मानाने तो जड लागतो. उपाय दोन. एक तर त्याच मापाचा नवा प्लास्टिकचा फ्लोट घालायचा. नाहीतर जुनाच पूर्ण वाळवून, जुनं आवरण खरवडून, त्यावर सुपरग्लू म्हणून मिळणाऱ्या सायनोअॅक्रिलेटचे पातळ हात द्यायचे. ते इथेनॉलला दाद देत नाही. पुन्हा लाख लावणं म्हणजे पुन्हा तेच दुखणं. इंजिन प्रदर्शनात ठेवायचं असेल तर मूळ पद्धतीचा आग्रह मी समजू शकतो. पाण्यावर न्यायचं असेल तर फ्लोट नवा असावा.

इथेनॉलचा दुसरा उपद्रव पाण्याचा. ते हवेतली ओल ओढून घेतं. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं. त्यापलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टू-स्ट्रोकमध्ये हे फार वाईट, कारण मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीच्या तळातून कार्बोरेटरमध्ये उतरतं ते बिनतेलाचं मिश्रण. मिनेसोटात होड्या, जुन्या गाड्या आणि लहान इंजिनं यांच्यासाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल विकायला कायद्याने मुभा आहे, ती उगाच नाही. आपल्याकडे तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे. महाराष्ट्रातले साखर कारखाने ते गाळतात, उसाला त्यातून पैसा मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या घरात जुनी स्कूटर किंवा जुनं आउटबोर्ड आहे त्याने टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवण्याची सवय मोडलीच पाहिजे.

एका बाबतीत मात्र हा जुना कार्बोरेटर नव्यापेक्षा सरस ठरतो. एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर तेच भोक तुलनेने लीन मिश्रण देतं. ठरीव जेटच्या कार्बोरेटरमध्ये यावर उपाय म्हणजे जेटच बदलणं. लाइटविनची नीडल थोडी बाहेर फिरवली की काम झालं. सत्तर वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी इथेनॉलचा विचार केला नव्हता, पण चालवणाऱ्याच्या हातात नीडल देऊन त्यांनी त्याची सोय करून ठेवली.

सफाईकडे वळू. सगळे रबरी, बुचाचे आणि पॅकिंगचे भाग काढल्याशिवाय कार्बोरेटर क्लीनर मारू नये. स्लो स्पीडच्या वाटेत क्लीनर सोडला की तो थ्रॉटलच्या पाकळीशेजारच्या भोकांतून बारीक धार होऊन बाहेर यायला हवा. प्रत्येक भोकातून आला तरच वाट मोकळी झाली. एखादं भोक मुकं राहिलं तर वरच्या बाजूला धातूची एक छोटी गोल चकती ठोकून बसवलेली असते, ती काढावी लागते, कारण तिच्या खालच्या खोबणीतच थर साचतो. नवी चकती बसवताना मध्यावर हलकासा ठोका द्यायचा, म्हणजे ती पसरून घट्ट बसते. भोकात लोखंडी तार किंवा ड्रिलची पाती घालू नये. वायरमधला तांब्याचा एक सुटा धागा पुरतो, आणि त्याचाही उपयोग थर सैल करण्यापुरता. बाकीचं काम क्लीनरने आणि हवा मारून करावं.

जोडताना एका वस्तूला विसरू नका. मुख्य पेट्रोल-नळीच्या बुडाशी एक अगदी लहान गॅस्केट असतं. ते वाटीला चिकटून येतं, जुन्या घाणीचा तुकडा समजून फेकलं जातं, आणि मग सगळं चकचकीत करूनही इंजिन नीट चालत नाही, कारण नळी पेट्रोलऐवजी हवा ओढते. फ्लोटची पातळी पाहायला कार्बोरेटरचा वरचा भाग उलटा धरायचा. फ्लोट आपल्या वजनाने सुईवर टेकतो, आणि त्या स्थितीत तो कडेशी समपातळीत दिसला पाहिजे. तिरका असेल तर त्याची पट्टी हळूच वाकवायची, पण सुई बसकीवर दाबून नाही.

या इंजिनात वेगाचा दांडा सरकवला की आधी मॅग्नेटोची प्लेट फिरते, म्हणजे ठिणगीची वेळ पुढे येते, आणि प्लेटखालच्या कॅममुळे थ्रॉटल उघडतं. कॅमवर एक खूण असते. थ्रॉटलला जोडलेला रोलर त्या खुणेला पोचताना पाकळी उघडायला लागली पाहिजे. हा मेळ चुकला की इंजिन स्लोवरून उचलताना खोकतं आणि दोष नीडलवर जातो. सेटिंगआधी दोन मिनिटं काढून हे बघावं.

मग सेटिंग. टेकलेल्या जागेपासून वरची नीडल दीड फेरा आणि खालची पाऊण ते एक फेरा उघडली की इंजिन लागण्यापुरतं मिश्रण मिळतं. इंजिन पाण्यातच चालवायचं, कोरडं कधीच नाही; पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर बघता बघता जळतो. पिंपात लावून बघायला हरकत नाही, उघड्यावर. पण शेवटची ठेवण होडी पाण्यावर चालत असताना, प्रोपेलरवर खरा भार असतानाच करावी. इंजिन चांगलं गरम झाल्यावर फुल थ्रॉटलला खालची नीडल थोडीथोडी आत घ्यायची. प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबायचं, कारण बदल लगेच जाणवत नाही आणि घाईने माणूस नेहमी पुढे निघून जातो. एका जागी वेग सर्वात चांगला वाटतो, त्यापलीकडे तो पडायला लागतो आणि कार्बोरेटरमधून शिंकेसारखा फट्‌ आवाज येतो. ती लीनची हद्द. तिथून नीडल थोडी परत बाहेर, फेऱ्याचा आठवा किंवा चौथा भाग. मग स्लोला उतरून वरच्या नीडलचं तसंच. स्लोला इंजिन अडखळत, जड धुराने चालत असेल तर मिश्रण जास्त. शिंकून मरत असेल तर कमी. शंका असेल तेव्हा जरा रिच ठेवा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि धुरकट प्लग साफ करता येतो, ओरखडलेला सिलिंडर नाही.

तेलाचं प्रमाण या इंजिनांना २४ ला १, म्हणजे लिटरला सुमारे ४२ मिलिलिटर. नंतरच्या आउटबोर्डांचं ५० ला १ इथे चालत नाही, कारण आतली बेअरिंग जुन्या धाटणीची आहेत. स्कूटरचं टू-टी तेलही घालू नये. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचं तेल मिळतं, तेच घ्यावं.

विस्कॉन्सिनची तळी गोड्या पाण्याची, म्हणूनच तिथली इंजिनं इतकी टिकली. मालवण-रत्नागिरीच्या खाडीत लहान होड्यांना आउटबोर्ड लावणाऱ्यांना खाऱ्या हवेची किंमत ठाऊक आहे. कार्बोरेटरच्या ओतीव धातूवर पांढरी भुकटी धरते, थ्रॉटलचा दांडा जाम होतो, वाटीच्या कडा खड्ड्याखड्ड्यांनी झिजतात आणि गॅस्केट धरत नाही. तिथे काम झाल्यावर बाहेरून गोड्या पाण्याचा ओला फडका आणि सांध्यांवर तेलाचा हलका हात रोजचा हवा.

परत येताना धक्का दृष्टीच्या टप्प्यात आला की पेट्रोलचा कॉक बंद करावा. वाटीतल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालतं आणि वाटी रिकामी होता होता आपण किनाऱ्याला लागतो. यावर एक आक्षेप घेतात की शेवटच्या क्षणी मिश्रण लीन होतं. पण ते कमी वेगात आणि काही सेकंदांपुरतं; महिनोन्‌महिने वाटीत आटत जाणाऱ्या पेट्रोलच्या तुलनेत त्याचा तोटा काहीच नाही. हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करावी. वाटीत तळाशी जे उरतं ते, वेगळा ड्रेन-स्क्रू नसेल तर, खालची नीडल पूर्ण बाहेर काढून गळू द्यावं आणि नीडल पुन्हा हलकेच बसवावी. दोन्ही नीडल किती फेरे उघडून इंजिन चांगलं चाललं तो आकडा चिकटपट्टीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला लावावा. पुढच्या मे महिन्यात त्याच आकड्यावर ते लागलं नाही, तर नीडलला हात न लावता आधी कॉकची जाळी काढून बघावी.